कुलूपबंद घराचा विमा : सेकंड होमला ‘भारत गृह रक्षा’ कितपत पुरते?

नागाव-आक्षीची नारळी-पोफळीतली कौलारू घरे, लोणावळ्याचे बंगले, तापोळ्याला शिवसागराच्या काठची कॉटेजेस, दापोली-गुहागरकडची आजोळची घरे. प्रत्येकाची किंमत वेगळी, ऐट वेगळी, पण वर्षातले बहुतेक दिवस दाराला कुलूप ही गोष्ट सगळीकडे सारखी. टाकी फुटली तर कॉक बंद करायला माणूस नाही, वादळात चार कौले उडाली तर त्यांच्या जागी ताडपत्री टाकायला कोणी नाही, आणि चोर आला तर तो निवांत येतो, निवांत जातो. राहत्या घरासाठी बेतलेला विमा अशा घराला अंगाबरोबर बसतो का, हे तपासण्यासाठी हे परीक्षण.

पॉलिसी कोणती, हा प्रश्न आता सोपा झाला आहे. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. आगीचा विमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ती विकावीच लागते आणि तिचा मूळ मजकूर सगळीकडे एकच असतो. त्यामुळे कंपन्यांची तुलना करताना मूळ पॉलिसीच्या कलमांवर डोकेफोड करू नका. फरक असतो तो हप्त्यात, वरून घ्यायच्या जोडकव्हरांत आणि दाव्याच्या वेळी फोन उचलला जातो की नाही यात. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. कोट मागताना आकडा करासकट आहे की कराशिवाय, तेवढे विचारून घ्या.

आधी या पॉलिसीची सगळ्यात चांगली बाजू. विमा रक्कम ठरवताना बाजारभाव धरायचा नाही, जमिनीची किंमत तर मुळीच नाही. चटई क्षेत्र गुणिले त्या गावातला आजचा बांधकामाचा दर, एवढाच हिशेब. दीड कोटीला घेतलेल्या बंगल्यात जमिनीचेच नव्वद लाख असतील, तर दीड कोटीचा विमा उतरवून हप्ता फुकट घालवण्यात अर्थ नाही. जमीन जळत नाही. (खचते मात्र, पण त्याकडे पुढे येऊ.)

चटई क्षेत्र मोजताना कोकणातल्या घरांची एक गंमत होते. पॉलिसीच्या व्याख्येत आतल्या खोल्यांचे वापरायोग्य क्षेत्र पूर्ण धरले जाते, बाहेरच्या भिंतींची जाडी धरली जात नाही, आणि व्हरांडा, बाल्कनी, गच्ची, गाडी लावायची जागा यांचे क्षेत्र २५ टक्केच मोजायचे असते. म्हणजे आतले ९०० चौरस फूट आणि ४०० चौरस फुटांची पडवी असेल, तर हिशेबाला ९०० अधिक १००, म्हणजे १,००० चौरस फूट. दर २,५०० रुपये धरला तर विमा रक्कम २५ लाख. दर ठरवताना पुण्या-मुंबईचा आकडा उचलू नका आणि दहा वर्षांपूर्वी ठेकेदाराला दिलेलाही नको. जांभ्याचा चिरा, वाळू आणि सिमेंट तुमच्या आवाठापर्यंत पोचवायचे भाडे, शेवटचा अर्धा किलोमीटर टेम्पो जात नसेल तर डोक्यावरून वाहून नेण्याची मजुरी, हे सगळे धरून स्थानिक गवंडी किंवा अभियंत्याकडून आजचा दर लिहून घ्या. जुन्या घरात सागवानी खांब, तुळया, माळा असेल तर तो दर आणखी वर जातो.

घराभोवतीच्या गोष्टींची किंमत यात वेगळी मिळवावी लागते. कंपाउंडची भिंत, फाटक, दरड धरणारी भिंत, अंतर्गत रस्ता, सेप्टिक टँक, पाण्याच्या पक्क्या टाक्या, गोबरगॅस, सोलर पॅनेल हे सगळे पॉलिसीत ‘अतिरिक्त बांधकामे’ म्हणून बसते. सेकंड होमवाले हा रकाना सर्रास कोरा सोडतात. उतारावरच्या बंगल्याची खरी महाग वस्तू कित्येकदा घर नसतेच, घराखालची रिटेनिंग वॉल असते. पोहण्याचा तलाव त्या यादीत नावानिशी नाही. तलाव असेल तर त्याची किंमत शेड्यूलमध्ये, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या तपशीलपत्रात, वेगळ्या ओळीत लिहून घ्या, नाहीतर पुढे तो घराचा भाग होता की बागेचा यावर महिनाभर पत्रे फिरतील.

दुसरी चांगली बाजू म्हणजे कमी विम्याची कात्री या पॉलिसीत नाही. जुन्या पद्धतीत ४० लाखांच्या घराचा २० लाखांचाच विमा असेल आणि नुकसान सहा लाखांचे झाले, तर हातात तीन लाख पडत. विमा निम्मा म्हणून भरपाई निम्मी. गृह रक्षामध्ये हे प्रमाण लावले जात नाही. नुकसान सहा लाखांचे तर, बाकी सगळे नीट असेल तर, सहा लाख. पण ही सवलत दर चुकलेल्यासाठी आहे, क्षेत्र लपवणाऱ्यासाठी नाही. विमा घेतल्यानंतर खोली काढली आणि चटई क्षेत्र १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढले, तर जादा हप्ता भरेपर्यंत तो वाढीव भाग विम्याबाहेर. मागच्या पडवीला भिंती घालून बेडरूम केली, ही अशीच वाढ.

सामानासाठी वेगळे काही न करता इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख, इतके संरक्षण आपोआप येते. वरच्या उदाहरणात पाच लाख. सुट्टीच्या घरात फ्रिज, टीव्ही, गाद्या, भांडी, वेताच्या खुर्च्या धरल्या तरी ते पुरते. जास्त सामान असेल तर यादी देऊन वाढवता येते. दागिने आणि कलावस्तू ‘मौल्यवान वस्तू’ म्हणून वेगळ्या नोंदवाव्या लागतात. खरे तर त्या अशा घरात ठेवायच्याच कशाला?

आता धोक्यांची यादी. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, त्सुनामी, वणवा, झाड किंवा वाहन आदळणे, दंगल, दहशतवाद, पाण्याच्या टाक्या-पाइप फुटणे, जमीन खचणे आणि दरड कोसळणे हे सगळे मूळ हप्त्यातच आहे. जुन्या आग विम्यात भूकंप आणि दहशतवाद वरून विकत घ्यावे लागत. कोयनेच्या पट्ट्यात, जिथे ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपाची आठवण अजून घराघरात आहे, तिथल्या जलाशयाकाठच्या घरांना हा फरक मोठा आहे. यादीत क्षेपणास्त्र चाचणीने होणारे नुकसानसुद्धा आहे. साधी चोरी नाही, पण तिचा समाचार स्वतंत्र घ्यावा लागेल.

३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-दापोलीच्या किनाऱ्याला काय काय होऊ शकते ते दाखवून दिले. पत्रे उडणे, कौले फुटणे, माड घरावर पडणे, खांबासह वायरी तुटणे. यातले घराचे नुकसान या पॉलिसीत थेट बसते. न बसणारा भाग बागेचा : मोडलेले माड, उन्मळलेली हापूसची कलमे यांची भरपाई घराचा विमा देत नाही. घरावर पडलेले झाड उचलण्याचा खर्च ढिगारा हटवण्याच्या तरतुदीतून मागायचा, आणि ती तरतूद मंजूर दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंतच आहे. चार लाखांच्या दाव्यात आठ हजार. जुना आंबा छपरावर आडवा झाला असेल तर कटर आणि माणसे लावून एवढ्यात भागत नाही. वास्तुविशारद, अभियंता यांच्या फीसाठी ५ टक्क्यांची तरतूद मात्र बरी आहे.

दरड आणि खचणे यांबाबत बारीक अक्षरांतला मजकूर नीट वाचायला हवा, कारण सेकंड होम नेमके तिथेच बांधले जाते जिथे विमा हात आखडता घेतो. समुद्राने किंवा नदीने काठ खाल्ला तर ती धूप पॉलिसीतून वगळलेली आहे. ‘दारातून थेट वाळूत’ अशी जाहिरात असलेल्या घराच्या कुंपणाखालची वाळू दर पावसाळ्यात हातभर सरकत असेल आणि एके दिवशी भिंत कलली, तर तो दावा टिकणार नाही. वादळाच्या उधाणात पाणी आत घुसून एका रात्रीत भिंत पडली, तर ते वादळ-पुराचे नुकसान. म्हणून तारीख आणि कारण या दोन गोष्टी दाव्याचा जीव असतात. तसेच भराव टाकलेल्या जमिनीचे बसणे, नव्या बांधकामाच्या नेहमीच्या भेगा, सदोष काम आणि खोदकामामुळे झालेली हालचाल हेही बाहेर. डोंगर कापून, कापलेली माती पुढे ढकलून, त्या भरावावर डेक बांधायचा प्रकार मुळशी-लोणावळा भागात भरपूर चालतो. तो डेक तीन पावसाळ्यांत सहा इंच खचला तर विमा कंपनीकडे न जाता ठेकेदाराला गाठा.

झिरपणाऱ्या पावसालाही हीच गोष्ट लागू. गच्चीतून ओल उतरली, भिंतीला बुरशी आली, वाशांना वाळवी लागली, ही देखभालीची कामे. माकडांनी फोडलेली कौले दर वर्षी बदलावीच लागतात, त्यांचा दावा लावण्याच्या फंदात पडू नये. पण त्याच फुटक्या कौलांतून पाणी शिरून, जोडीला वादळाने छप्पर गेले, तर नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर पहिला प्रश्न विचारतो : यंदा शाकारणी झाली होती का? मेअखेर कौले चाळल्याची, पन्हळी साफ केल्याची मजुरीची पावती आणि चार फोटो असले की हा प्रश्न तिथेच मिटतो.

आता चोरी. मूळ पॉलिसीत चोरी आहे, पण फक्त विम्यातल्या एखाद्या आपत्तीमुळे घडलेली आणि ती आपत्ती घडल्यापासून ७ दिवसांच्या आत झालेली. वादळात दार मोडले, चौथ्या दिवशी कोणी टीव्ही नेला, तर भरपाई मिळेल. रस्ता दहा दिवस बंद होता, तुम्ही अकराव्या दिवशी पोचलात आणि चोरी कधी झाली ते सांगता आले नाही, तर अडचण. शिवाय घराबाहेरची वस्तू यात नाही, आणि बाहेरच्या भिंतीला किंवा छपरावर बसवलेली वस्तू पक्की जखडलेली नसेल तर तीही नाही. अशा घरांतून जाते तेच नेमके : विहिरीवरचा पंप, एसीचे बाहेरचे युनिट, पितळी नळ, तांब्याची वायर, इन्व्हर्टरची बॅटरी.

नेहमीच्या घरफोडीसाठी जोडकव्हर किंवा वेगळी पॉलिसी लागते. तिथे जबरदस्तीने आत शिरल्याची खूण लागते : तुटलेला कडीकोयंडा, वाकवलेले गज. कुंडीखाली ठेवलेल्या किल्लीने दार उघडले असेल तर ती घरफोडी ठरत नाही. आणि बहुतेक घरफोडी कव्हरांत घर सलग ठराविक दिवस रिकामे राहिले तर संरक्षण थांबते. ते दिवस कंपनीप्रमाणे बदलतात. वर्षातले तीनशे दिवस बंद असलेल्या घरासाठी असे कव्हर, त्या अटीवर लेखी सूट न घेता विकत घेणे, म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे. सूट मिळत नसेल तर ते पैसे खिडक्यांच्या ग्रिलवर, पंपाच्या कुलूपपेटीवर आणि राखणदाराच्या पगारावर घालावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रिकामेपणाचा मुद्दा चोरीपुरता नाही. जुन्या आग पॉलिसीत इमारत ३० दिवसांहून अधिक काळ रिकामी राहिली आणि कंपनीची लेखी संमती नसली, तर संरक्षणच संपत असे. एजंटांच्या डोक्यात अजून कधी जुने नियम असतात, कधी कुठलेच नसतात. तुम्ही मात्र प्रस्ताव अर्जात स्वतःच्या हाताने लिहा : ‘सुट्टीपुरते वापरात असलेले घर, वर्षाचा बहुतेक काळ बंद, देखरेखीला अमुक व्यवस्था’. ऑनलाइन अर्जात जागा नसेल तर तोच मजकूर कंपनीच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि शेड्यूलमध्ये किंवा एंडॉर्समेंटने, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या दुरुस्तीपत्राने, तशी नोंद मागा. फोनवर ‘हो, चालतं साहेब’ म्हणणारा माणूस दाव्याच्या वेळी त्या शाखेत असेलच असे नाही.

शनिवार-रविवार पाहुण्यांना भाड्याने देत असाल तर गोष्टच बदलते. ही पॉलिसी राहत्या वापरासाठी आहे. रोजच्या भाड्याने खोल्या देणे, पर्यटन खात्याच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करणे, बुकिंगच्या अॅपवर घर टाकणे हा व्यवसाय झाला. त्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. एका ठिकाणची एकूण मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर तीच लागते. हप्ता थोडा जास्त पडतो, म्हणून लोक राहते घर दाखवून मोकळे होतात. नंतर सर्व्हेअर अॅपवरची तुमचीच जाहिरात उघडून समोर ठेवतो, स्वच्छ फोटो आणि पाहुण्यांच्या अभिप्रायांसकट. शिवाय पाहुणा तलावात बुडाला, झोपाळ्याची कडी निसटून पडला, तर त्याची जबाबदारी या दोन्ही पॉलिसींच्या मूळ मजकुरात नाही. त्यासाठी सार्वजनिक दायित्वाचे कव्हर वेगळे घ्या. तलाव असेल तर हे घेतल्याशिवाय पाहुण्यांना किल्ली देऊ नये.

बांधकामाचा प्रकार हा आणखी एक खड्डा. चिऱ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौले हे पक्के बांधकाम. पण भिंती किंवा छप्पर लाकडी फळ्या, बांबू, गवत, झावळ्या, कॅनव्हास, ताडपत्री यांचे असेल तर विम्याच्या भाषेत ते कच्चे, मग त्याला तुम्ही चाळीस लाख मोजले असले तरी. हल्ली फॅशन असलेली लाकडी कॉटेजेस, बांबूची घरे, तंबू आणि तळ्याकाठचे होड्या ठेवायचे झापाचे छप्पर सगळे यात येते. हप्त्याचा दर चढतो किंवा कंपनी नकार देते. अर्जात ‘पक्के’ वर खूण करून हा प्रश्न सुटत नाही, पुढे ढकलला जातो.

विजेच्या उपकरणांबद्दल थोडे. शॉर्टसर्किटने आग लागून घर जळले तर घर विम्यात आहे. ज्या उपकरणात बिघाड होऊन आग सुरू झाली ते एक उपकरण नाही. दाब वाढून फ्रिज जळाला तर मूळ पॉलिसीत काही नाही, मग तो दाब वीज पडल्याने वाढला असला तरी; थेट वीज पडून जळाला तर आहे. म्हणून वायरमनचा लेखी अहवाल हवा आणि वीज पडल्याची खूण, म्हणजे काळा पडलेला बोर्ड, फुटलेला मीटर, झाडाची उभी चीर, तिचा फोटो हवा.

कागदपत्रांत कोकणातली सामाईक घरे अडकतात. सात-बारावर आठ नावे, घरपट्टी वारलेल्या आजोबांच्या नावावर आणि विमा मुंबईच्या नातवाचा. ज्याचे आर्थिक हित नाही त्याला विमा मिळत नाही, आणि ज्याचा हिस्सा आहे त्याला हिश्श्यापुरते हित आहे. सगळ्या हिस्सेदारांची नावे विमाधारक म्हणून घालणे हा साधा उपाय. त्याला भाऊबंदकी आड येते हे मान्य, पण दाव्याचा चेक निघताना ती जास्त आड येते. ग्रामपंचायतीचा नमुना ८चा उतारा, घरपट्टीची पावती, बिनशेतीचा आदेश लागू असेल तर त्याची प्रत, नकाशा हे एका फोल्डरमध्ये ठेवा. सोसायटीतला फ्लॅट असेल तर इमारतीचा विमा सोसायटीने आधीच घेतला आहे का ते विचारा. घेतला असेल तर तुम्हाला सामानापुरताच पुरेल.

मुदत दहा वर्षांपर्यंत घेता येते, आणि अशा घरासाठी दीर्घ मुदतच घ्यावी. एकतर नूतनीकरण विसरले जाते. दुसरे म्हणजे विमा रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, त्यासाठी जादा हप्ता नाही, आणि ही वाढ मूळ रकमेच्या १०० टक्क्यांपर्यंत जाते. बांधकामाचा खर्च ज्या वेगाने चढतो आहे त्यात ही सोय फार कामाची. मध्येच घर विकले तर उरलेल्या मुदतीचा हप्ता परत मागता येतो.

नुकसान झाले की त्याच दिवशी कंपनीला ईमेल किंवा अॅपवर कळवा. राखणदाराने पाठवलेले व्हॉट्सअॅपवरचे फोटो जोडा. नियामकाच्या २०२४च्या परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. मोठ्या वादळानंतर एकेका सर्व्हेअरकडे शेकडो घरे असतात, तेव्हा या तारखा लिहून ठेवा आणि उलटल्या की ईमेलने आठवण द्या. तो येईपर्यंत छपरावर ताडपत्री घाला, ती घालणे तुमचे कर्तव्यच आहे, पावती जपा. फुटकी कौले आणि वाकलेले पत्रे मात्र फेकू नका, एका बाजूला रचून ठेवा. सरकारी मदतीसाठी तलाठ्याने केलेला पंचनामा हा वेगळा कागद, त्याने विम्याचे काम होत नाही, पण प्रत जोडली तर तारीख आणि कारण पक्के होते. चोरी किंवा मुद्दाम केलेल्या नासधुशीला पोलिसांत गुन्हा नोंदवावाच लागतो.

अंदाजपत्रकात ‘छप्पर दुरुस्ती एकरकमी २,८०,०००’ असे लिहिलेले सर्व्हेअरला चालत नाही. कौलांचे नग, आढ्यावरच्या कौलांचे वेगळे नग, वाशांची संख्या, लांबी आणि लाकूड, रिपांचे फूट, मजुरीचे दिवस, वाहतूक, असे फोडून मागा. ठेकेदार कुरकुरतो, तरी मागा. कपात होते ती नेहमी एकरकमी ओळीत होते.

निर्णय पटला नाही तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही किंवा समाधान नाही तर विमा लोकपाल. वकील लागत नाही, फी नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, कार्यालये मुंबई आणि पुण्यात आहेत. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज जायला हवा.

आमचा कौल : इमारतीसाठी निःशंक घ्या, सामानासाठी आपोआप येते तेवढे पुष्कळ, घरफोडीसाठी रिकामेपणाची अट लेखी सुटली तरच. आणि सुरुवातीची तारीख एप्रिल किंवा मेच्या पहिल्या आठवड्यातली ठेवा. हवामान खात्याने वादळाचे नाव जाहीर केल्यावर एजंटाला फोन लावणाऱ्यांची रांग मोठी असते.